वाळवंटातल्या डोंगरावर एकोणतीसचा पाढा

सूर्य पूर्वेला उगवतो या गोष्टीची ज्याला अजून खात्री पटलेली नाही, असा माणूस अख्ख्या जर्मनीत एकच, आणि तो म्हणजे आमचे काका.

नात्यानं ते माझे कोणीच नव्हेत. नेकारसुल्मला गाड्यांच्या चाचणी विभागात माझ्याहून बरेच वरिष्ठ, मूळचे पुण्याचे, आणि इथल्या झाडून सगळ्या मराठी पोरांचे काका. चांगल्या चालत्या गाडीत खोट शोधायची, याच कामाचा पगार जन्मभर घेतलेला माणूस. घरीसुद्धा खोट सापडल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. स्टेशनवरच्या फलकावर गाडी वेळेवर आहे असं दिसलं की ते अस्वस्थ होतात. वीस मिनिटं उशीर झळकला की चेहरा खुलतो. "गेनाऊ! अगदी बरोबर! आता कसं खरं बोलले."

पहिल्याच भेटीत त्यांनी माझं कॉलेज विचारलं, मग वडील काय करतात ते. "गवंडी आहेत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला," मी ताठ मानेनं सांगितलं. हे मी कुणालाही सांगतो, न विचारताही. त्यांच्या भुवया वर गेलेल्या पाहून म्हटलं, "सर्टिफिकेट दाखवू? लॅमिनेट करून ठेवलंय." "लॅमिनेशनच्या आत काय वाट्टेल ते असू शकतं," ते म्हणाले, आणि येत्या रविवारी द्राक्षमळ्यांच्या चढावर हजर व्हायला सांगितलं.

त्या बोलावण्यामागे एक जुनं दुखणं होतं. बारा वर्षांपूर्वी गाड्या उन्हात तापवून बघायला ते मोरोक्कोच्या वाळवंटात गेले होते. तिथं तीन आठवडे रोज संध्याकाळी एक बोडका, करवतीच्या दातांसारखा डोंगर त्यांच्यासमोर तांबडा होत असे, आणि कामामुळे त्याच्या पायथ्याशीही जाता आलं नाही. आता निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि त्याआधी त्यांना त्याच्या माथ्यावर उभं राहायचं होतं. सोबतीला हवे होते तिघे, आणि भरवसा एकावरही नव्हता. मी आणि श्टुटगार्टला पीएचडी करणारे दोघे असे आम्ही त्यांच्या तपासणीतून कसेबसे सुटलो. दर रविवारी चढाच्या सरावाला निघताना पाण्याच्या बाटल्यांनी भरलेल्या सॅक ते आपल्या दारातच उघडायला लावत. आत उशी कोंबली असेल तर? काकू आतून ओरडत, "अहो, पोरं डोंगर चढायला आलीत, विमानात नाही बसत आहेत!" त्यावर काका काकूंच्याच डब्याचं झाकण उघडून धपाटे मोजत.

पण सगळ्यात जास्त संशय त्यांना आमच्या डोक्यांचा. उन्हानं मेंदू आधी जातो, पाय नंतर, आणि मेंदू गेल्याचं त्या माणसाला कळत नाही, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून नियम असा की प्रत्येक थांब्यावर प्रत्येकानं एकोणतीसचा पाढा म्हणायचा. अडखळला तो तिथून परत, रदबदली नाही.

मोरोक्कोत पोचल्यावर पहिल्याच दिवशी ते वाटाड्यावर घसरले. तो बिचारा सतत हसे. "हसतोय म्हणजे रस्ता चुकलाय," काका माझ्या कानात म्हणाले. वाटाड्या गंभीर झाला तेव्हा म्हणाले, "बघ, आता त्यालाही कळलं." तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या खिंडीत टेकलो. ना झाड, ना सावली, नुसता तापत चाललेला काळा दगड, आणि माथा एवढा जवळ की हात लावावा. दोघा पीएचडीवाल्यांनी पाढा म्हटला, मी म्हटला. मग काका सुरू झाले. "एकोणतीस साते दोनशे तीन, एकोणतीस आठे दोनशे बावीस..."

ते दोघे वाटाड्याशी बोलत होते. ऐकलं फक्त मी. गप्प बसलो असतो तर बारा वर्षांची इच्छा अर्ध्या तासात पुरी झाली असती.

"गप्प का?" त्यांनी डोळे बारीक केले. "बरोबर होतं ना?"

"नाही काका. दोनशे बत्तीस."

"मुद्दाम चुकलो. तुझी परीक्षा बघत होतो."

"मग पुन्हा म्हणा."

ते पुन्हा सुरू झाले. सातापर्यंत नीट आले. आठवर थांबले. ओठ नुसते हलत राहिले. मग त्यांनी सॅक उतरवली आणि दगडावर बसले.

"काका, अर्धाच तास राहिलाय," दोघे गयावया करू लागले. "शेवटच्या अर्ध्या तासातच गाडी बिघडते," ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." दोघे वाटाड्याबरोबर वर गेले. काकांना पाणी पाजून, जरा सावरल्यावर, मी त्यांना घेऊन खाली दिसणाऱ्या मुक्कामाकडे निघालो. घसरड्या उतारावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. पुढची वाट बरोबर आहे का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला ते विचारणं हवं होतं.

या वसंतात ते निवृत्त झाले. ते दोघे येत्या हिवाळ्यात पुन्हा मोरोक्कोला निघालेत, मलाही चल म्हणतात. काकांना सांगितलं तर म्हणाले, "जा की." नुसतं जा की. का, कुणाबरोबर, पाणी किती, काही नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही.