यंदा ठमीला घ्यायचं नाही

कल्पिताने मनाशी पक्कं केलं होतं, यंदा ठमीला घ्यायचं नाही. मुंबईकरांच्या बंगल्यांतल्या चादरी झटकताना, पाहुण्यांनी सांडलेलं पुसताना, त्यांना जेट्टीवर सोडून घरी येताना ती हेच स्वतःला सांगत होती. आणि दर वेळी सांगून झालं की अंग आणखी जड व्हायचं. मैत्रिणीला नको म्हणायचं, ते चारचौघींत, ही काय सोपी गोष्ट आहे?

थळ-अलिबागकडच्या बायका बास्केटबॉल खेळतात म्हटलं की मुंबईचे पाहुणे हसतात. हसू देत. शाळेमागे सिमेंटचं मैदान आहे, त्याला दोन खांब आणि दोन रिंगा आहेत, आणि एके काळी शाळेत एक मास्तर असे आले की त्यांनी पोरींच्या हातात तो लाल चेंडू दिला. त्या पोरी जिल्ह्यापर्यंत जाऊन आल्या. मग लग्नं झाली, पोरं झाली, कंबरा धरल्या, आणि मैदानावर सुकट वाळत पडली. काही वर्षांपूर्वी कोणीतरी टूम काढली की आपण पुन्हा खेळू या, आणि बायकांची स्पर्धा सुरू झाली. खेळ सोमवारी. का, तर सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, आणि शनिवार-रविवारचे बंगलेवाले सकाळच्या बोटीने मांडव्याहून परत गेलेले असतात. सुकट गोळा करायची, खराटा मारायचा आणि खेळायचं. पायांना वास राहतो तो राहतोच.

संघ चार. खेळायला येणाऱ्या बायका मात्र जागांपेक्षा जास्त. म्हणून चौघी कॅप्टन आधी चिठ्ठी काढतात, आणि त्या नंबराने आळीपाळीने एकेक बाई मागून घेतात. शेवटी ज्या कोणालाच नको असतात त्यांना हळदीकुंकू लावून ओटीत नारळ घालतात आणि 'तुम्ही आमच्या पाहुण्या' म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवतात. मानच तो! पण नारळ मिळाला म्हणजे काय झालं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. त्या नारळाच्या धास्तीने बायका रात्रभर जागतात.

कल्पिता थळची कॅप्टन, आणि तिचं नशीब असं की चिठ्ठी दर वर्षी शेवटची. पहिल्या नंबरवालीला अक्कल लागत नाही हो. उंच, पळणारी, नेम असलेली बाई आंधळ्यालासुद्धा दिसते. अक्कल लागते ती शेवटच्या फेरीत, जेव्हा समोर उडदामाजी काळे-गोरे निवडायचे असतात. एकीचा नेम सोन्यासारखा, पण धावायचं म्हटलं की तिला साडेसाती आठवते. दुसरी ताडासारखी उंच, पण चेंडू अंगावर आला की खुदकन हसते आणि सोडून देते. तिसरी वाऱ्यासारखी पळते, पण डोकं तापलं की आपली कोण नि परकी कोण हेही विसरते. यातून घ्यायची कोण? दगडापेक्षा वीट मऊ, या हिशेबाने कल्पिता बाई निवडायची. हिच्यात काय आहे हे ती बघतच नसे. हिच्यात काय कमी आहे आणि ते आपल्याला कितपत झाकता येईल, एवढंच बघायची.

ही नजर मग अंगवळणी पडली. आठ बंगल्यांच्या चाव्या तिच्या कमरेला, त्यात काम करायला पोरी ठेवायच्या त्याही तिनेच. ही हाताने स्वच्छ पण तोंडाने फाटकी. ती गोड बोलते पण पंख्यावरची धूळ तशीच. नवरा निकेत रो-रो बोटीवर कामाला, भला माणूस, तर त्याच्यातही हिला आधी त्याचं विसरणं दिसायचं. 'तुला देवाने चांगलं बघायला डोळे दिले न्हाईत का गं?' तो एकदा वैतागून म्हणाला. ती म्हणाली, 'दिलेत की. पण वेळ नाही दिला.' खोटं नव्हतं ते. शुक्रवारपासून रविवारपर्यंत ती धड बसून जेवत नसे.

आणि ठमी? ठमी म्हणजे शाळेतल्या बाकावरची शेजारीण. अलिबागच्या बाजारात मासळी विकते, हात मोठे, आवाज त्याहून मोठा. उंचीला बेताची, पण बोर्डाखाली उभी राहिली की चेंडू तिच्या हातून सुटत नाही. खोट एकच. ओल्या धक्क्यावर घसरून पडली तेव्हापासून डावा गुडघा गेला. चालताना कळत नाही, पण डावीकडे वळायचं म्हटलं की पाय साथ देत नाही. हे नीट ठाऊक होतं ते फक्त कल्पिताला. दर वर्षी शेवटच्या फेरीत कल्पिता म्हणायची, 'ठमी.' दुसरं कोण घेणार तिला? मग तिला बोर्डाच्या उजवीकडे उभी करायची आणि बजावायची, 'इथून हलू नकोस.' तिची डावी बाजू कल्पिता स्वतः धावून सांभाळायची. पदरी पडलं पवित्र झालं.

पण आता कल्पिताचंही वय झालं. मागच्या वर्षी शेवटच्या सामन्यात ठमीची बाजू सांभाळता सांभाळता तिला धाप लागली आणि सामना गेला. कपाटावर एकही कप नाही. यंदापासून तर ती स्वतः खेळणारही नव्हती, बाहेर बाकावर बसून फक्त सांगणार होती. मग ठमीची डावी बाजू कोण बघणार? आणि खरं सांगायचं तर कल्पिता कंटाळली होती. घरात ओढायचं, बंगल्यांत ओढायचं, आणि सोमवारी मैदानावर येऊन ठमीलाही ओढायचं. किती ओढायचं एका बाईने?

निवडीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बायका जमल्या. ठमी मागे, नारळांच्या पाटीला टेकून बसली होती. तिला घाई नव्हतीच, तिचं नाव शेवटी यायचं हे तिला पाठ होतं. शेजारणीला ती पापलेटाचा भाव सांगत होती. कल्पिताने तिच्याकडे बघायचं टाळलं. शेवटची फेरी आली. कल्पिताच्या मनात रुचिका होती, ती वाऱ्यासारखी पळणारी, गरम डोक्याची. रुचिकाला मागायचं आणि लगेच पाणी प्यायला उठून जायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. ठमीच्या ओटीत नारळ पडताना बघायची तिची हिंमत नव्हती.

कल्पिताच्या आधी पाळी होती क्रांतीची. क्रांती अलिबागची कॅप्टन, कोर्टात टायपिस्ट, बोलायला तुटक. ती म्हणाली, 'ठमी.'

कोणाला काही कळेना. ठमीला तर ऐकूच आलं नाही, शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. ती उठली, आणि आधी तिने बघितलं ते कल्पिताकडे. जाऊ का, असं विचारल्यासारखं. कल्पिताने मानेनेच हो म्हटलं. ठमी पदर खोचून क्रांतीच्या बाकावर जाऊन बसली.

सुटले बाई, असं कल्पिताला वाटलं. खरोखर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. तिने रुचिकाला मागून घेतलं. पण चहाच्या वेळी तिला राहवेना. क्रांतीजवळ जाऊन ती हळूच म्हणाली, 'अगं, तिचा गुडघा बघितलास का?' हे तिने काळजीने विचारलं की जळून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

'गुडघ्याचं बघू,' क्रांती म्हणाली. 'तिचं तोंड बंद नसतं ना, ते मला पाहिजे.'

तोंड! कल्पिता मनात हसली. त्या तोंडाला गप्प बस गप्प बस म्हणण्यात तिची वर्षं गेली होती. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथे आवडतीचंच अळणी झालं होतं, पण तेव्हा तिला ते कुठलं कळायला.

स्पर्धा सुरू झाली. ठमी बाजारात भेटायची, कोळंबी घालताना मूठभर जास्तच घालायची, पण खेळाचं बोलायची नाही. कल्पितालाही काय बोलावं सुचायचं नाही. थळचा संघ बरा चालला होता. रुचिका पळत होती, मधूनच भांडत होती, पण बास्केट होत होते. आणि बघता बघता शेवटचा सामना आला तो थळ आणि अलिबाग यांचाच.

त्या सोमवारी दुपारी ऊन असं की सिमेंट तव्यासारखं तापलेलं. सामना बरोबरीत चालला होता. ठमी बोर्डाखाली उभी, आणि तिचं तोंड अखंड चालू. 'अमिषा, मागं ये! ती उजवीला टाकणार हाय बघ! नीराबाई, हात वर!' आणि ती म्हणेल तिकडेच चेंडू यायचा. अमिषा म्हणजे तीच, धावायला कंटाळणारी. ठमीच्या हाकेवर ती धावत होती. नीराबाई ती हसणारी. हसतच होती, पण चेंडू धरत होती. दोघींनाही क्रांतीने आधीच्या फेऱ्यांत उचललं होतं. कल्पिता बाकावरून बघत होती. कप पुन्हा हातचा जाणार.

शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा तिने खेळ थांबवून बायकांना जवळ बोलावलं. सगळ्या धापा टाकत होत्या. तिने रुचिकाचा दंड धरला. ओठांवर आलेलं तिने एकदा गिळलं. मग बोलली.

'ठमीच्या डाव्या बाजूने जा. तिचा डावा गुडघा वळत नाही. ती तुला अडवू शकणार नाही.'

बोलून झालं, आणि तिला तोंड कडू लागलं. इतकी वर्षं जे झाकलं ते आज स्वतःच्या हाताने उघडं केलं. पण खेळ आहे, तिने मनाला समजावलं, खेळात असंच असतं.

रुचिका सुटली. ठमीने तिला येताना बघितलं आणि वळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. उलट ती आणखी उजवीकडे सरकली. डावी बाजू दार उघडावं तशी मोकळी. 'आता!' कल्पिता उठून ओरडली. रुचिका त्या मोकळ्या जागेत घुसली, आणि तिथे ठमीच्या आडोशाला क्रांती उभी होती. क्रांतीने चेंडू असा काढून घेतला की रुचिका रिकाम्या हातांनी दोन पावलं पुढे गेली. पलीकडे अमिषा आधीच जाऊन थांबलेली. तिच्या नेमाबद्दल कधी कोणाची तक्रार नव्हती. चेंडू जाळीतून खाली आला आणि शिट्टी वाजली.

रुचिकाने बाटली आपटली. 'ती बाजू मोकळी हाय म्हणालात ना तुम्ही, ताई!' कल्पिताला कळलं होतं, ती बाजू मुद्दाम मोकळी ठेवली होती.

कप देऊन झाला, फोटो झाले, बायका पांगल्या. कल्पिता मैदानाच्या कडेला पायरीवर बसून राहिली. ठमी आली आणि गुडघा धरत धरत तिच्या शेजारी बसली. अंगाला घामाचा आणि मासळीचा वास, कपाळावर कुंकू ओघळलेलं.

'मीच सांगितलं व्हतं क्रांतीला,' ठमी म्हणाली. 'म्हटलं, तू तिथं उभी राहा. कल्पी पोरीला इकडनंच धाडणार.'

'तुला ठाऊक होतं मी सांगणार?'

'व्हय तर. तुला माझं दुसरं दिसतंय काय?'

राग नव्हता तिच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं, कल्पिताला भांडता आलं असतं. ती म्हणाली, 'एवढं सगळं तुला खेळातलं कळतं, मग माझ्याकडे होतीस तेव्हा कधी बोलली कशी नाहीस?'

'बोलत व्हती की. तू म्हणायचीस, गप बस, हलू नको. मग मी उभी राहायची. आता तुझ्या उपकारावर खेळायचं म्हटल्यावर तोंड कुठवर चालवणार?'

'उपकार नव्हते गं ते, ठमे.'

'मग काय व्हतं?'

कल्पिताला बाजारातली ठमी आठवली. बाजारात गिऱ्हाईक येताना बघूनच ठमी ओळखते की हे घेणार की नुसतं विचारून जाणार. समोरची बाई कुठे वळणार, कुठे फसणार, हे तिला आधी कळतं. शाळेपासून कळायचं. एकाच बाकावर बसून कल्पिताने ते बघितलं होतं, आणि नंतर गुडघा दिसला, मग फक्त गुडघाच दिसत राहिला. किती दमलोय आपण, तिच्या मनात आलं, दुसऱ्यांचं उणं मोजता मोजता किती दमलोय. तिचे डोळे भरून आले. पुसायलाही तिने हात उचलला नाही.

'पुढल्या वर्षी,' ती म्हणाली, 'माझी चिठ्ठी पहिली निघाली तर मी पहिलं तुझंच नाव घेईन. देवाशपथ. पहिलं.'

ठमीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो जड, खरखरीत हात बराच वेळ तिथेच होता.

'नको गं,' ती म्हणाली. 'तू आपली घरी ये, बोंबील तळते, पोटभर जेव. खेळायला मी तिकडंच बरी हाय.'