कपारीपुढचं गवत

खोंबिसिलेला आगीचं भय होतं आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. ती लहान असताना डोंगरातला वणवा गुरांच्या गोठणापर्यंत आला. गुरं सोडायला धावलेला तिचा बाप परत आला नाही. तेव्हापासून ती चुलीपुढे बसली तरी दाराकडे तोंड करून बसे. नवरा चारचौघांत म्हणायचा, "हिच्या हातचा चहा हवा तर शेजारणीकडून पाणी तापवून आणा."

डोंगराच्या पायथ्याशी छोटं संग्रहालय आहे, तिथे ती वाट दाखवायचं काम करी. काचेमागच्या आदिमानवाच्या कवट्या, दगडी हत्यारं दाखवून झाली की पाहुण्यांना घेऊन वरच्या कपारीपर्यंत चढायचं. तिथे खडकावर तांबूस-पांढरी एलंड हरणं आहेत, नाचणारी माणसं आहेत. ही चित्रं काढणारे आपलेच पूर्वज, हे आजीनं तिला लहानपणी कानात सांगितलं होतं आणि बाहेर बोलू नकोस, पोरं रानटी म्हणून चिडवतील, असंही बजावलं होतं. नोकरी लागल्यावर खोंबिसिले ते पाहुण्यांना सांगू लागली. आधी दबकत, मग मान वर करून.

त्या ऑगस्टात, तिथला कोरडा हिवाळा सरताना, शेजारच्या लेसोथो देशातून दोघं आली. लेफू नावाचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको मापुलेंग. मापुलेंगचे गुडघे दुखत होते, त्यामुळे चढायला वेळ लागला. गरम कोरडा वारा सुटला होता. कपारीत पोचून खोंबिसिले बोलायला लागली आणि तिला वास आला.

तिनं वळून पाहिलं. उजवीकडच्या सोंडेवरून धूर येत होता, आणि धुराखाली पिवळी रेघ वाऱ्याबरोबर उताराच्या अंगानं सरकत होती. परतीची पायवाट तिकडेच होती. मागे सरळ कडा. कपार उथळ, आणि तिच्या तोंडापर्यंत कमरेइतकं वाळलेलं गवत.

ती मटकन खाली बसली. मास्तर म्हणाले की आपण डावीकडे पळू. मापुलेंगनं नवऱ्याचा हात धरला आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघं जा. माझ्यानं पळवणार नाही."

ते ऐकून खोंबिसिले उठली. वणवा यायच्या आत समोरचं गवत आपणच जाळायचं, म्हणजे त्याला इथे खायला काही उरणार नाही. गावातले पुरुष असं करतात हे तिला माहीत होतं. तिनं स्वतः कधी काडीही ओढली नव्हती. शिवाय धूर आत येणार, तो चित्रांवर बसणार, हेही तिला कळत होतं.

"मास्तर, तुमच्याकडे काडेपेटी आहे?"

मास्तर पाइप ओढायचे. त्यांनी पेटी काढली, मग भिंतीकडे पाहिलं. "पोरी, ही चित्रं?"

"द्या इकडे," ती म्हणाली.

पहिल्या काड्या हातातच मोडल्या. मग एक पेटली. गवतानं पेट घेतला तशी ती किंचाळून मागे पडली. वाऱ्यानं जाळ डावीकडे ओढून नेला, पण आच आत आली आणि धूर कपारीत भरला. बाटलीतलं पाणी आपल्या शालीवर ओतून तिनं ती मापुलेंगच्या तोंडावर धरली. तिघं भिंतीला चिकटून पालथी पडली. कडेनं परत आत सरपटणाऱ्या जाळावर मास्तर मधूनमधून उठून कोट आपटत होते. खोंबिसिले डोळे मिटून बापाला हाका मारत होती, आपण मोठ्यानं ओरडतोय हे तिला कळत नव्हतं.

मोठा वणवा आला तेव्हा इतका आवाज झाला की मापुलेंगचं रडणंही ऐकू येईना. जळलेल्या पट्ट्याला बगल देऊन तो खालून निघून गेला.

तिघं जगली. मास्तरांचे हात भाजले होते. खालच्या ओळीतली दोन हरणं काळी पडली होती, एकाचं डोकं पोपडा होऊन गळून पडलं होतं. खोंबिसिलेनं तो पोपडा उचलला आणि ओंजळीत धरून डोंगर उतरली.

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी तिला नोकरीवरून काढलं नाही. काजळी निघेल, डोकं काही परत बसणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. पण खोंबिसिलेला झोप लागेना. पूर्वज रागावले असतील या भीतीनं तिनं कित्येक आठवडे कपारीकडे पाहिलंही नाही. शेवटी ती आजीकडे गेली. आजी आता बिछान्यावरच असायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती म्हातारी कशी आहे?"

"बरी आहे. निरोप आलाय तिचा."

"मग कशाला रडतेस?"

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा पाहुण्यांना वर नेऊ लागली. डोकं नसलेलं हरीण दाखवून, हे माझ्यामुळे झालं, असं सरळ सांगते. आता दर वर्षी हिवाळा लागताना माणसं कपारीपुढचं गवत कापून जाळतात. हे तिनंच मागून घेतलं. त्या दिवशी तीही तिथे जाते. पहिल्या वर्षी तिला उलटी झाली होती. आताही ती भिते, पण जाळ विझेपर्यंत उभी राहते.