एकशे आठ चिंचोके

भक्ती कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. कळलं असतं, तर घरच्यांचे हाल वाचले असते. मी उंद्रीच्या शाळेत शिक्षक होतो. शाळा नुकतीच जिल्हा परिषदेकडे आली होती. रोज सकाळी मी मारुतीला एकशे आठ प्रदक्षिणा घालायचो. डाव्या खिशात एकशे आठ चिंचोके ठेवायचे आणि फेरी झाली की एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. पण शेवटचा चिंचोका टाकला की मनात यायचं, मघाशी दोन एकदम तर गेले नाहीत? मग पुन्हा पहिल्यापासून. ऊन चढायचं, टाचा फुटायच्या, फरशीवर रक्ताचे डाग पडायचे. गावातल्या बायका त्या पायांवर डोकं टेकवून जायच्या आणि मी ते टेकवू द्यायचो. याची लाज मला आजही आहे, म्हणून ते आधी लिहून टाकतो.

याची सुरुवात वडिलांच्या आजारपणात झाली. ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी मारुतीला नवस बोललो की अकरा शनिवार एकशे आठ फेऱ्या घालीन, पण त्यांना उठव. अकराव्या शनिवारी चारच फेऱ्या राहिल्या असताना बहीण धावत देवळाच्या दारात आली. "दादा, चाल लवकर. बाबा तुले बोलावून राह्यले." मी हातानेच थांब म्हणून खूण केली. मध्येच सोडलं तर नवस मोडेल, असं वाटलं. चार फेऱ्या पुऱ्या करून घरी पोहोचलो, तेव्हा तुळशीचं पाणी बहिणीने त्यांच्या तोंडात घातलेलं होतं. शेवटपर्यंत ते एवढंच विचारत होते, "मास्तर आला का?" मला नोकरी लागल्यापासून ते मला मास्तरच म्हणायचे. तेराव्यानंतर मनात एक किडा शिरला. फेऱ्या नक्की एकशे आठच झाल्या होत्या का? एखादी कमी पडली म्हणून तर ते गेले नाहीत? हे मी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मोजत मात्र राहिलो, आता शनिवारीच नाही, रोज.

हळूहळू ते शाळेतही आलं. हजेरी घेऊन झाली की वाटायचं, एखादं नाव राहिलं. पुन्हा घ्यायचो. चौथ्या वेळी पोरं आधीच एका सुरात "हजर" ओरडायची. हेडमास्तर भला माणूस होता. त्याने मला बाजूला घेतलं. "मास्तर, वरून पत्र आलं. नागपूरच्या डॉक्टरकडून मनाची तपासणी करून दाखला आणा. नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही." नागपूर म्हटल्यावर मला फक्त वेड्यांच्या इस्पितळाच्या उंच भिंती आणि गजांचं दार दिसलं. गावात कोणी चिडलं की "तुले नागपुरले पाठवाले लागते" म्हणतात. तिथे आत गेलेला माणूस परत येत नाही, अशीच माझी समजूत होती.

बायको, कमल, म्हणाली, "मी येतो संगं. पाहू देवाच्या मनात काय हाये ते." आणि मी काय करावं? मास्तर माणूस, तपासणी म्हणजे परीक्षाच समजून बसलो. पंधरा दिवस तयारी केली. तीसपर्यंतचे पाढे, मंत्र्यांची नावं, जिल्ह्यातल्या नद्या, पंचांगातली तिथी. जलंबहून नागपूरच्या गाडीत बसलो तरी पुटपुटणं चालूच. कमल म्हणाली, "पास झाले तर पेढे वाटा, पन आता डब्यातल्या लोकायले झोपू द्या."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. वडनेर भोलजीचा आहे म्हणाला. डोक्याला पागोटं, मांडीवर भाकरीचं फडकं. माझे हलणारे ओठ त्याने बराच वेळ पाहिले.

"पयली खेप जी?"

"हो."

"मंग भेवून राह्यले असान. काई नाई करत. मारत नाई, बांधत नाई. झोप येते का, भूक लागते का, घरी काय झालं, हे इचारते. मंग शाई सांडल्यावानी चित्रं दाखोते आन् काय दिसते म्हनते. म्या पयल्या खेपेले समद्यात देवच सांगतला. म्हनलं, डाक्टर खुश होईन."

"मग?" कमलने विचारलं.

"मंग काय बाई, डाक्टर म्हने, बुवा, मले तं वटवाघूळ दिसते." तो स्वतःच हसला. "जे दिसते थेच सांगजा, मास्तर. अथी पास-नापास नसते."

मी मास्तर आहे हे त्याला कमलने सांगितलं असेल. मला तसं आठवत नाही, तिलाही आठवत नाही.

माझं नाव पुकारलं. उठलो, पण पाय निघेना. खिशातले चिंचोके आत काढून घेतले तर? म्हाताऱ्याने ओंजळ पुढे केली. "द्या माह्यापाशी." का कोण जाणे, मी दिले.

आत एक पोक्त डॉक्टर होते, आवाज हळू. त्यांनी मंत्र्यांची नावं विचारलीच नाहीत. ठोकळे जुळवायला दिले, चित्रं दाखवली. एका चित्रात मला दारात उभी असलेली पोरगी दिसली आणि मी तसं सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत जा, म्हणाले. त्र्याण्णव, शहाऐंशी म्हणून मी थांबलो. "पुन्हा पहिल्यापासून म्हणू का?"

"नको," ते म्हणाले. "चुकलं असलं तरी पुढे चला."

तेवढ्या शब्दांनी माझा बांध फुटला. त्यांनी वडिलांचं विचारलं आणि मी त्या चार फेऱ्या सांगितल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. रडणं ओसरेपर्यंत ते लिहायचे थांबले. मग म्हणाले, "हा आजार आहे, मास्तर. शिक्षा नाही. वेडही नाही. तुम्हाला इथे ठेवायचं कारण नाही. औषध देतो, महिन्याने या. रजेचा दाखला देतो, नोकरी जाणार नाही. आणि मोजणं सोडायचा प्रयत्न करा. सुरुवातीला फार जड जाईल."

बाहेर आलो तर कमल एकटीच होती. "बुढ्याची गाडी होती, गेला. जातानी म्हने, मास्तरले सांगजो, चिंचोके म्या नेले. मोजनी आता माह्याकडं."

मी छातीवर हात ठेवून तिथेच खाली बसलो. घाबरेन असं वाटलं होतं, पण ओझं उतरवल्यावर हमालाचे खांदे हलके होतात तसं काहीसं झालं. मग व्हरांड्यातच कमलला सगळं सांगितलं. "बाबांनी तुमची वाट पाह्यली, ते खरं," ती म्हणाली. "पन रागावून नाई पाह्यली. मी होतो तिथं."

त्या शनिवारी मारुतीला गेलो. एक फेरी घातली. दुसरीसाठी पाय शिवशिवत होते, हात रिकाम्या खिशात जात होता. देवासमोर डोकं टेकवलं आणि म्हणालो, कमी-जास्त तू पाहा. घरी आलो, तर चुलीवर चहा नुकताच चढला होता. "झालं इतक्यात?" कमल म्हणाली. "बसा मंग, आज गरम भेटन."

पुढे महिनोन्‌महिने नागपूरला जावं लागलं. अजूनही एखाद्या दिवशी किडा वळवळतो, तेव्हा त्या म्हाताऱ्याची ओंजळ आठवतो. तो कोण होता, असं पुष्कळांनी विचारलं. वडनेर भोलजी काही लांब नाही. एका दिवसात जाऊन, घरोघर विचारून परत येता येतं. पूर्वीचा मी असतो तर दहा वेळा जाऊन खात्री करून आलो असतो.

मी अजून गेलेलो नाही.