टकलू आजोबा आणि दोन अस्वलिणी

आमचे हे आठवडाभर पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतात आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करतात. दोन्ही कामांत खोड एकच. मिक्सर जोडून झाला आणि टेबलावर एखादा स्क्रू उरला, तर दुसरा कोणीही तो गुपचूप डब्यात टाकेल. फिरतोय ना मिक्सर, मग झालं. हे मात्र पुन्हा पहिल्यापासून सगळा उघडतात. गिऱ्हाईक दारात उभं राहून सुस्कारे सोडतंय, आणि हे मान खाली घालून म्हणतात, "ज्यानं बनवला, त्यानं हा उगाच नाही घातलेला." या वाक्यापायी आमच्या घरी किती जेवणं थंड झालीत, ते माझं मला माहीत.

आमच्या चर्चची मंडळी एवढीशी. पगारी पाळक, म्हणजे धर्मगुरू, ठेवायची ऐपत नाही, म्हणून यांना उभं केलं. मिक्सरच्या घरघरीवर बोलून बोलून आवाज चांगला चढलेला आहे, हेही एक कारण. उभे राहिल्या राहिल्या यांनी नियम केला, की बायबल क्रमानं वाचायचं, मध्ये काही गाळायचं नाही. "आवडेल तेवढंच वाचायचं असेल, तर पुस्तक कशाला हवं? आरसा पुरे," असं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. पुढे काय वाढून ठेवलंय ते कोणी चाळून बघितलं होतं?

वाढून ठेवली होती ती अस्वलं. बायबलच्या पहिल्या भागात, जुन्या करारात ती गोष्ट आहे. एक संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा माणूस, रस्त्यानं चाललेला असतो. गावातली लहान पोरं त्याच्या मागे लागतात आणि टकल्या, टकल्या म्हणून चिडवतात. तो मागे वळून त्यांना शाप देतो, तशा रानातून दोन अस्वलिणी येतात आणि बेचाळीस पोरांना फाडतात. गोष्ट संपली. संदेष्टेबुवा आपल्या वाटेनं निघून जातात, पुन्हा मागे वळूनही बघत नाहीत.

आता यांच्या डोक्याबद्दल सांगायला हवं. त्यावर केस नाही. लग्नाच्या फोटोत दिसतात ते शेवटचे.

आणि आमची नात, लेकीची लेक, पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. रोज संध्याकाळी ती दुकानात यायची, टेबलावर चढायची, यांच्या टकलावर दोन्ही हातांनी थापा मारायची आणि फर्मान सोडायची, "टकलू आजोबा, दुकान बंद." त्याशिवाय हे शटर ओढायचे नाहीत. गिऱ्हाईक नसलं, अंधारून आलं, तरी बसून राहायचे.

तर झालं असं, की चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या बाई मुलांना पुढच्या आठवड्याचा भाग आधीच सांगून ठेवतात. बाई स्वभावानं गरीब, पण मुलं त्यांना जुमानत नाहीत. आयती गोष्ट हाती लागली. त्यांनी ती अस्वलांच्या आवाजासकट सांगितली आणि वर तात्पर्यही दिलं, की मोठ्यांना चिडवलं की असं होतं. म्हणे पहिल्यांदाच वर्ग इतका शांत बसला.

सोमवारी भिंगरी दुकानात आली ती दाराशीच थांबली. हात पाठीमागे.

"ये की," हे म्हणाले आणि डोकं पुढे केलं.

ती मागे सरकली. "आजोबा, बेचाळीस म्हणजे आमच्या वर्गापेक्षा जास्त?"

यांनी डोकं हळूच मागे घेतलं. त्या दिवशी शटर मीच ओढलं.

मंगळवारीही तेच. बुधवारी तर ती दुकानाकडे फिरकलीच नाही. मला असा संताप आला म्हणून सांगू. बाईंचा आला, त्या संदेष्ट्याचा आला आणि सगळ्यांत जास्त यांचा आला. जेवताना मी सरळ म्हटलं, "अहो, गाळा तो भाग. पुढचं वाचा. कोण विचारणार आहे?"

"मी विचारणार," हे म्हणाले.

"ताटातली नावडती भाजी रोज बाजूला सारता, तेव्हा नाही विचारत स्वतःला?"

यांनी मुकाट्यानं भाजी खाल्ली. पण बधले नाहीत.

मग एका निवृत्त धर्मशिक्षकाकडे जाऊन आले. ते म्हणाले, ती लहान पोरं नव्हतीच, टोळी होती दांडग्या तरुणांची. हे हरखून परत आले. दुकानात बसून पुन्हा वाचलं आणि चेहरा उतरला. "अगं, लहान मुलं असंच लिहिलंय की. मी त्यांना दाढीमिशा कशा चिकटवू?" मग म्हणाले, पोरांनी जे केलं त्याचं फळ मिळालं असं सांगावं का? हे मोठ्यानं म्हणून बघितलं, समोरच्या उघड्या मिक्सरला उद्देशून. अर्ध्यावर थांबले. "हे मी तिच्याकडे बघून म्हणू शकेन का?" असं मलाच विचारलं. मी म्हटलं, "म्हणून तर बघा, मग घरात मी आहे आणि तुम्ही आहात." मग ही नुसती गोष्ट आहे, खरं काही नाही, असं सांगून मोकळं व्हावं, असंही मनात आलं. पण मग उद्या कुठलीही नको असलेली ओळ नुसती गोष्ट म्हणून सोडून देता येईल, आणि हवी असलेली तेवढी खरी. ते यांना पटेना. एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि पाहिला असता तर त्याच्याशी लग्न केलं नसतं.

रविवार उजाडला. आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर, दाराला लागून घड्याळकाका बसतात. मंडळीतले वडीलधारे. उपदेश लांबला की मनगटावरचं घड्याळ बघतात आणि खाकरतात. पुढच्या बाकावर मुलं. भिंगरी माझ्या लेकीच्या मांडीवर, डोळे दाराकडे.

यांनी सगळा भाग वाचला. एक शब्द गाळला नाही. पुस्तक मिटलं. 

"मला हे कळलेलं नाही," हे म्हणाले.

मागे खाकरणं झालं. अजून सुरुवातच होती, तरी झालं.

"विचारून बघितलं, स्वतःही शोधून बघितलं. चांगली उत्तरं सापडली. पण प्रत्येक उत्तरात मला काहीतरी पुसावं लागत होतं, कधी ती पोरं, कधी ती अस्वलं. जोडून झाल्यावर हा स्क्रू उरलाय. मी तो डब्यात टाकणार नाही आणि तुम्हाला फसवणार नाही. तो इथेच राहील, सगळ्यांना दिसेल असा."

बाई रुमालानं कपाळ पुसत होत्या. यांचा आवाज आता मिक्सरवर बोलायचा राहिला नव्हता.

"पण याच पुस्तकात आणखी एकाला चिडवलंय. त्याच्याही डोक्यावरून. क्रुसावर चढवण्याआधी त्याला काट्यांचा मुकुट घालून लोक त्याच्यापुढे गुडघे टेकत होते आणि हसत होते. त्यानं मनात आणलं असतं, तर काय बोलावता आलं नसतं? त्यानं एक अस्वल बोलावलं नाही. यानं आजच्या गोष्टीचं उत्तर मिळत नाही. मला ते हवं होतं, मिळालं नाही. पण दोघांतल्या कोणाच्या मागे चालायचं, ते मला ठाऊक आहे. माझ्याकडून एवढंच."

आणि हे पायरी उतरून खाली आले, पहिल्या बाकापुढे गुडघ्यांवर बसले आणि नातीसमोर डोकं वाकवलं.

कोणी हललं नाही.  तिनं हात पुढे केला नाही तर हा माणूस उद्या दुकान उघडेल, पण बंद कसं करेल, एवढंच माझ्या डोक्यात.

भिंगरीनं डोक्याकडे बघितलं. मग सगळ्या बाकांवरून मागे, उघड्या दाराकडे बघितलं.

"दार लावलंय का?" तिनं विचारलं.

यांनी मान वर केली नाही. बाई जागच्या उठायला लागल्या, पण त्यांच्या आधी घड्याळकाका उठले. त्यांनी दाराची दोन्ही कवाडं ओढली, वरची कडी घातली, खालची घातली आणि दाराला पाठ टेकवून उभे राहिले.

"लावलंय," ते म्हणाले. "मी आहे इथे."

मग तिनं थापा मारल्या. दोन्ही हातांनी, आठवडाभराच्या राहिलेल्या सगळ्या.