बागेत मागून आलेला माझाच आवाज

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. देवावरही नव्हता, म्हणजे दोन्हीकडची कटकट संपलेली. लोकांचे चकव्याचे अनुभव वाचून मी पोट धरून हसायचो... आता तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. जळगावला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत मी फिटर होतो. शेतात नळ्या अंथरायच्या, पाणी सोडून बघायचं, तक्रार आली की पळायचं. घर धुळ्याला, देवपुरात. पण सात वर्षं मी घरी पाऊल टाकलं नव्हतं, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं ख्रिस्ती कुटुंब. वडील शाळामास्तर. रोज संध्याकाळी सतरंजीवर बसून प्रार्थना व्हायची. बाबांनी प्रत्येकाला लहानपणीच शास्त्रातलं एकेक वचन नेमून दिलं होतं. बाबा नाव घ्यायचे, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने आपलं वचन म्हणायचं. कुणी परगावी असला तरी त्याचं नाव घेतलं जायचंच, आणि त्याच्या वचनाला लागेल तेवढा वेळ सगळे गप्प बसायचे. कुणी अडखळला तर बाबा पुढचा एकच शब्द द्यायचे. दुसरा मागितला तरी मिळायचा नाही, मास्तर ना! माझ्या वाट्याला 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे वचन आलं होतं, सगळ्यांत लांब.

धाकटी बहीण सुमन काविळीने गेली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. नऊ दिवस बाबा तिच्या उशाशी गुडघे टेकून होते. ती गेल्यावर आठवड्याने प्रार्थनेत त्यांनी "शमुवेल" म्हटलं आणि मी म्हणालो, "ज्याने तिला नेलं, त्याच्याशी मला बोलायचं नाही." उठलो, चपला घातल्या, जळगावची एस.टी. पकडली. बाबा रागावले नाहीत. माझ्या वचनाला लागेल तेवढा वेळ ते तसेच गप्प बसून राहिले. आईने हे पत्रात कळवलं तेव्हा मला त्या गप्प बसण्याचाच भयंकर राग आला.

त्या वर्षी जानेवारीत आईचं पुन्हा पत्र आलं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आलाय, वाचा गेलीय, येऊन जा. ते पत्र बॅगेत घालून मी तीन महिने गावोगाव हिंडलो. ज्याच्या गप्प बसण्याचा राग धरला होता तो आता कायमचा गप्प झाला होता, आणि त्याच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

एप्रिलमध्ये भडगावजवळ, गिरणेच्या काठी, एका आबांच्या केळीच्या बागेत गेलो. तक्रार नेहमीचीच, शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही. दुपारचे बारा. आबा मोटर चालू करायला विहिरीवर थांबले आणि मी एकटा आत शिरलो.

केळीची बाग आतून ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत हिरवा अंधार, चारी बाजूंना सारखीच झाडं. पण बाग जेमतेम तीन एकरांची. कुठलीही ओळ धरून चाला, चार-पाच मिनिटांत बांध लागतो. त्यातून मी नळ्यांचा माणूस. बारीक नळी जाड पाइपाला मिळते आणि जाड पाइप विहिरीला, हे शेतकऱ्यांना मीच ऐटीत सांगायचो.

अडकलेला कचरा काढला आणि नळी धरून परत निघालो. पाच मिनिटं... दहा... वीस. नळी संपेना, जाड पाइप येईना. खिशातला रुमाल एका झाडाला बांधला आणि नळीवरची नजर न हलवता सरळ चालत राहिलो. थोड्या वेळाने समोर रुमाल! हसलो. पुन्हा चाललो, पुन्हा रुमाल. या वेळी हसू आलं नाही.

"आबा!" मी ओरडलो.

"आबा!" मागून उत्तर आलं.

वाटलं, प्रतिध्वनी. पण केळीच्या बागेत प्रतिध्वनी कुठला? आणि मी गप्प उभा असताना तो आवाज पुन्हा आला. माझाच आवाज — टेपरेकॉर्डरवर स्वतःचा ऐकू येतो तसा. अगदी शांतपणे म्हणाला, "त्याच्याशी मला बोलायचं नाही."

मागे वाळलेली पानं करकरली, एक पाऊल, मग दुसरं. मी चाललो की ते चालायचं. मी थांबलो की एक पाऊल जास्त टाकून थांबायचं. मी वळून बघितलं नाही. मागे कोण दिसेल याची मला खात्री होती, आणि त्या खात्रीचीच सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात समोरून, जरा डावीकडून, कुणीतरी म्हणालं, "शमुवेल."

ऑफिसात मी सॅम, आईचा शमू. पूर्ण नावाने हाक मारणारा माणूस जगात एकच, आणि त्याची वाचा तीन महिन्यांपूर्वी गेली होती. हाकेनंतर शांतता पसरली. आमच्या सतरंजीवरची, ओळखीची शांतता.

मागचं पाऊल आता अगदी पाठीशी होतं. मी वचन म्हणायला लागलो. श्रद्धा वगैरे काही नाही हो, बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, तसं. दोन ओळी आल्या आणि अडलो. सात वर्षं! मागून माझा आवाज सुरू झाला, "ज्याने तिला नेलं—" आणि मी रडत ओरडलो, "बाबा, पुढचं आठवत नाही!"

समोरून एकच शब्द आला.

मी नळी सोडली आणि ओळी आडव्या तोडत त्या शब्दाच्या दिशेने पळालो. अडलो की एक शब्द, अडलो की एक शब्द. वचन संपलं तेव्हा मी बांधावर उन्हात पालथा पडलेलो होतो.

आबा धावत आले. "कोठे व्हतात साहेब? दोन तास व्हयनात, बठ्ठी बाग धुंडी टाकी! इतलीशी बाग शे, आठे कोन भुलस?"

मला पाणी पाजून ते बागेत शिरले आणि रुमाल घेऊन परत आले. रुमाल पहिल्याच ओळीत होता, बांधापासून दहा पावलांवर. पण आबांचा चेहरा उतरला होता.

"तुम्हना संगे कोन व्हतं?"

"कोणी नाही."

"चिखलमा दोन मानसना पाय शेत," ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले. "आनी बूट एकसारखाच शेत."

ऑफिसला न कळवता तिथूनच धुळ्याची एस.टी. धरली. संध्याकाळी आईने दार उघडलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आज दुपारी बाबा बोलले रे," ती म्हणाली. "आजारी पडल्यापासून प्रार्थना दुपारीच करतो, संध्याकाळी त्यांना ग्लानी येते. रोज तुझं नाव मी घेते. आज त्यांनीच घेतलं. थोडे थांबले, आणि मग तुझं वचन सांगायला लागले, मधूनमधून एखादाच शब्द. पोराला शिकवतात ना, तसं. मला वाटलं, भ्रम झाला."

मी विचारलं, "सुरुवात कुठून केली?"

"तिसऱ्या ओळीपासून."

त्यानंतर बाबा सोळा दिवस जगले. पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने माझं नाव घेतलं आणि मी अख्खं वचन म्हटलं, तेव्हा त्यांनी आपला चांगला हात माझ्या मनगटावर ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

आबा म्हणाले चकवा. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. आमच्या चर्चच्या मंडळीतले म्हणतात, देवाने हरवलेल्याला शोधून आणलं. असेलही. बाबांच्या हाकेने आलो म्हणू की पाठीमागच्या भीतीने, मला आजही सांगता येत नाही. चिखलातल्या दुसऱ्या पावलांचं काय करायचं, तेही कुणी सांगत नाही.

मी रोज प्रार्थनेला बसतो, पाठ भिंतीला टेकवून. वचन आता तोंडपाठ आहे. तरी दोन ओळी झाल्या की क्षणभर थांबतो आणि कान देतो. समोरून अजून शब्द आलेला नाही. मागूनही कुणी बोललेलं नाही. मग मी घाईघाईने तिसरी ओळ म्हणतो.