सोळा अक्षरांचे साडू

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्यावरही साडूंचा संशय असेल. शेलूबाजारच्या हॉटेलात कचोरी आली की ते आधी स्वतःची फोडून आत बघत, मग माझी फोडून बघत आणि कमी संशयास्पद असेल ती खात. ड्रायव्हर बसल्याशिवाय ते जीपमध्ये बसत नसत. "गाडी त्याची, अन तोच बाहीर उभा. काहून?" असं माझ्या कानात विचारत.

शेलूबाजारातच त्यांचं सातबारा-पीकविम्याच्या ऑनलाइन कामांचं दुकान होतं. कॉम्प्युटरवर त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स घातलं, तेही ते फुकट का मिळतं याचा महिनाभर संशय घेऊन. त्यावर खाती तीन: त्यांचं, ताईंचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं, आणि रविवारी शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला जाणाऱ्या माझं. एकदा ताई पासवर्ड टाइप करताना एका गिऱ्हाइकाची मान जरा लांब झाली. त्याच दुपारी साडूंनी सेटिंगच्या फाइलीत लिहून टाकलं, की आठपेक्षा कमी अक्षरांचा पासवर्ड चालणार नाही. आठाचे बारा झाले, बाराचे सोळा.

"पासवर्ड हाये का लग्नपत्रिका?" ताई वैतागल्या.

"लहान कुलूप शेजारचं पोट्टंबी उघडते," साडू म्हणाले.

पुढे त्यांना कळलं, की मशीनच्या मालकाला हा नियम लागूच नाही. मशीन नुसती कुरकुर करतं आणि त्याचा आखूड पासवर्डही घेतं. दुसरा कुणी खूश झाला असता. यांनी आणखी एक ओळ घालून स्वतःलाही बांधून टाकलं. "घात घरचाच करते. मी तं घरचाच हाये ना!"

मी मात्र धास्तावलो होतो. हा नियम नवा पासवर्ड ठेवतानाच लागतो, जुन्याला हात लावत नाही. माझा पासवर्ड नियमाच्या आधीचा, अवघा सहा अक्षरांचा, आणि मी तो बदललाच नव्हता. हे कळलं तर साडू मलाही कचोरीसारखं फोडून बघतील, अशी भीती होती. खरं सांगायचं तर, जगात एका माणसावर त्यांचा संशय नसावा आणि तो मी असावा, असं मला फार वाटायचं.

मागच्या दिवाळीनंतर दुकान आवरून ते मुलाकडे नागपूरला निघाले. कॉम्प्युटर माझ्या हवाली करताना म्हणाले, "तुहा तो सहा अक्षराचा चालू दे."

मी चपापलो. "तुमाले माईत होतं?"

"पह्यल्या दिवसापासून. तू टाइप करे तवा गिऱ्हाइकावर नजर ठेवून मांगं मीच उभा राहो ना, टकटक मोजली. एका कमांडीत बदलाले लावला असता."

"मंग काहून नाही लावला?"

"तू लय आळशी. सोळा अक्षरं आठवा लागली असती, तं तू रविवारचं येनंच बंद केलं असतं."

कॉम्प्युटर आता माझ्या घरी आहे. रविवारी मी अजून ती सहा अक्षरं टाइप करतो, प्रश्नपत्रिका नसली तरी. मागून कुणी बघत तर नाही ना, हे मात्र आता मलाच वळून पाहावं लागतं.