विमलबाईंना खूण लागत नाही

पेणला रामवाडीत अनिताच्या पडवीत उन्हाळाभर उडदाचे पापड लाटले जातात. लाटणाऱ्या चौघी. पाचव्या विमलबाई, त्या पुस्तक वाचतात. तीस वर्षांचा रिवाज आहे हा: विमलबाईंच्या वाटणीचे पापड बाकीच्या लाटणार आणि विमलबाई त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार. पिठातेलाच्या हातांनी पुस्तकाला शिवायचं नाही, हा त्यांचा कायदा.

विमलबाई सातवी पास, पण तोरा असा की कॉलेजातल्या बाईनंही दबकून बसावं. रोह्याला लेकीकडे गेल्या की तिथल्या वाचनालयातून पुस्तक घेऊन येतात. पानाचा कोपरा दुमडणं त्यांना पाप वाटतं आणि खुणेचा कागद घालणं कमीपणाचं. "खूण कशाला गो? डोकं हाय ना खांद्यावर!" असं म्हणून पुस्तक मिटायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच ओळीवर उघडायच्या. खोटं कशाला बोला, ते कसब त्यांच्यात होतंच.

यंदाची कादंबरी शिवा नावाच्या नावाड्याची. चौघींचा त्याच्यावर जीव जडला. विमलबाईंनी घरी पुढचं वाचून ठेवलेलं, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. "पुरात बुडतो गो बिचारा," असं एक दिवस सांगून बसल्या. त्यांच्याच वयाची बायजाबाई त्यावर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग एका दुपारी विमलबाई वाचत होत्या. शिवा होडीला डांबर लावतो, बायको भाकरी घेऊन येते, दोघं कडाकडा भांडतात. वाचन अगदी रंगात आलं होतं. तेवढ्यात अनिताची नवी सून नमिता म्हणाली, "आजी, हे काल झालं. परवापण हेच वाचलं होतं."

लाटणी थांबली. अनितानं सुनेकडे बघून डोळे वटारले, बायजाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. त्यावरूनच विमलबाईंना कळलं, पोरगी खरं बोलतेय आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चुलीवरचं दूध विसरली, मग घराची वाट, आणि शेवटी पोटच्या पोरीलाच विचारलंन, "तू कोणाची गो?"

"आण तो पोळपाट," विमलबाई म्हणाल्या. "माझं वाचन संपलं."

त्यांनी लाटलेला पापड भाकरीएवढा जाड झाला. एरवी चौघींनी त्यावर आठवडाभर हसून घेतलं असतं, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. ते विमलबाईंना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुस्तक घरी ठेवूनच आल्या. लाटणं उचललं, तर बायजाबाईनं ते हातातून काढून घेतलं.

"पुस्तक कुठं हाय?"

"रोह्याला परत धाडतेय."

"धाडशील! आमी तक्रार केली काय? तीन दिस शिवा डांबर लावतोय, बायकोशी भांडतोय, जिता हाय. तू नीट वाचलं असतंस तर कवाच बुडला असता तो. आमाला बरं वाटत व्हतं, म्हनून गप बसलो."

विमलबाईंनी विचारलं, "आणि उद्या मला कायच आठवलं नाय तर?"

"तर आमी हाव ना गो. तू वाच. ध्यानात आमी ठेवतो."

विमलबाई रडल्या, चांगल्या मोकळ्या रडल्या. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी नमिताला आपल्या घरी पिटाळलं आणि पुस्तक आणवलं. ते मांडीवर उघडलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "कुठवर आलो होतो गो आपण?"

चौघी एकदम बोलल्या आणि चौघींनी चार जागा सांगितल्या. विमलबाईंनी त्यातली सगळ्यात मागची धरली आणि वाचायला लागल्या.